ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑईल: लाख किलोमीटरनंतर बदलावं की हात लावू नये?

प्रश्न थोडक्यात असा. २०१० ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, १,१२,००० किलोमीटर झालेली. सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे गिअरबॉक्सचं ऑईल आधी कधी बदललं होतं का, याची कुठे नोंद नाही. राहणं नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी सातपूरला, महिन्यातून एखादी मुंबई. गाडी नीट चालते. नेहमीचा मिस्तरी म्हणतो, "चालतंय ना साहेब? मग हात लावू नका, नवीन ऑईल घातलं की गिअरबॉक्स बसतो." दुसऱ्या एका वर्कशॉपने मशीन लावून सगळं ऑईल एका झटक्यात फ्लश करून घ्यायला सांगितलंय. ऐकायचं कोणाचं? आणि जाता जाता, भावाच्या सेलेरिओ ऑटोमॅटिकलाही हेच लागू आहे का?

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. गाडी खरोखर नीट चालत असेल तर ऑईल बदला. पण मशीन न लावता, खालचा ड्रेन बोल्ट काढून, दोन-तीन टप्प्यांत. आणि पाना हातात घेण्याआधी ती "नीट" चालते म्हणजे नक्की कशी चालते ते तपासा, कारण सगळी गोम त्या एका शब्दात आहे.

तुमचा मिस्तरी खोटं बोलत नाहीये. त्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं असणार: गाडी आली, ऑईल बदललं, पंधरा दिवसांत रिव्हर्स पडेना झाला आणि गिऱ्हाईक भांडायला दारात उभं. असं एकदा झालं की माणूस पुन्हा ऑटोमॅटिकच्या बोल्टकडे बघत नाही. पण त्याला विचारा, ती गाडी ऑईल बदलायला आली तेव्हा कशी होती? आपल्याकडे ऑटोमॅटिकचं ऑईल सहसा आठवतं तेव्हा, जेव्हा गाडी झटके मारायला लागते किंवा ॲक्सिलरेटर दाबला की नुसतं इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणजे क्लच आधीच गेलेला असतो. मरणाच्या दारातल्या पेशंटला शेवटचं औषध ज्याने दिलं, तोच बदनाम होतो, तसं या ऑईलचं झालंय.

आत काय चालतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. ऑटोमॅटिकमधला क्लच म्हणजे मॅन्युअलसारखी एक मोठी कोरडी प्लेट नव्हे. स्टीलच्या पातळ चकत्या आणि कागदासारखं अस्तर लावलेल्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, ऑईलात भिजलेल्या. ऑईलच्या दाबाने पिस्टन ती चवड आवळतो आणि गिअर पडतो. दाब देणं, वंगण करणं, उष्णता बाहेर वाहून नेणं ही कामं तर ऑईल करतंच. शिवाय चकत्यांनी एकमेकींना किती अलगद पकडायचं आणि कधी घट्ट धरायचं, हेही त्यात मिसळलेली रसायनं ठरवतात. हे शेवटचं काम इंजिन ऑईलला नसतं. म्हणून "ऑईल ते ऑईल" हा हिशेब इथे चालत नाही.

वर्षं गेली की या रसायनांचा जोर ओसरतो, ऑईल तापून तापून काळवंडतं, व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑईलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये चिकट थर धरायला लागतो आणि अस्तराची झिजलेली भुकटी ऑईलात फिरत राहते. आता मिस्तरी मंडळींचा युक्तिवाद असा की, ही भुकटीच जुन्या क्लचला पकड देते, ती काढली की क्लच सुटतो. समजा, एखादा क्लच खरंच त्या भुकटीच्या आधारावर धरून आहे. मग तो ऑईल न बदलताही जाणारच आहे, या दिवाळीला नाही तर पुढच्या. त्याच्यासाठी चांगला गिअरबॉक्स घाणेरड्या ऑईलात ठेवण्याचं कारण नाही. उलट तीच भुकटी सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक जाळ्यांवर जाऊन बसते आणि धड असलेल्या व्हॉल्व्हला घासते.

"हे ऑईल आयुष्यभराचं आहे, बदलायची गरज नाही," असंही काही गाड्यांच्या बाबतीत ऐकाल. कोणाचं आयुष्य, ते कोणी सांगत नाही. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की ऑईल बदला म्हणून सांगते. गिअरबॉक्स बनवणारा असं म्हणतोय, तर मी त्याचं ऐकेन. तुमच्या होंडाच्या बाबतीत तर हा वादच नाही. खाली ड्रेन बोल्ट आहे, वर डिपस्टिक आहे. बनवणाऱ्याने बदलण्याची सोय करूनच ठेवलीय.

आता किलोमीटरचं. १,१२,००० हा आकडा एकटा काही सांगत नाही. समोर टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ऑईलाच्या जोरावर ताकद पोचवणारा डबा. गाडी एकसारख्या वेगाने महामार्गावर चालली की त्याच्या आतला लॉकअप क्लच बसतो, घसरण थांबते आणि ऑईल थंड राहतं. पण सातपूरहून संध्याकाळी निघून त्र्यंबक नाका, मुंबई नाका करत घरी यायचं म्हणजे बंपरला बंपर. लॉकअप बसतच नाही, कन्व्हर्टर सतत घुसळत राहतो आणि त्या घुसळण्याची सगळी उष्णता ऑईलात. मे महिन्यात मुंबईहून परतताना कसारा घाट आठवा: एसी चालू, चार माणसं, डिकी भरलेली, पुढे कांद्याचा रिकामा ट्रक दहाच्या वेगाने रांगतोय. त्या अर्ध्या तासात ऑईल जेवढं सोसतं तेवढं महामार्गावरच्या कितीतरी तासांत सोसत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गेलात तर तेच. ज्याची गाडी रोज फक्त महामार्गावर चालते त्याचे लाख किलोमीटर आणि तुमचे लाख किलोमीटर यांत फार फरक आहे. तुमचा वापर मी कठोर वापरात धरतो. आता समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू झाल्यामुळे कसारा टाळता येतो, हे मात्र गिअरबॉक्सच्या दृष्टीने चांगलं झालं.

तर आधी परीक्षा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सपाट जागी सुरू करा, मिनिटभर चालू द्या, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून एनवरून (न्यूट्रल) डीमध्ये (ड्राइव्ह) टाका. सेकंदाभरात गाडीला हलकासा हिसका बसून गिअर पडल्याचं जाणवलं पाहिजे. दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धाडकन पडला, तर ते चांगलं लक्षण नाही. तसंच रिव्हर्सला. रिव्हर्स उशिरा पडणं ही बऱ्याचदा पहिली तक्रार असते आणि लोक ती "थंडीमुळे" म्हणून सोडून देतात. मग गाडी गरम करून रस्त्यावर काढा. पायाचा दाब एकसारखा ठेवून शून्यापासून साठपर्यंत न्या आणि कानांऐवजी आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. गिअर बदलताना काटा खाली आला पाहिजे. खाली येण्याआधी तो क्षणभर वर उसळत असेल, तर तो क्लच घसरतोय. शेवटी मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलाच्या चढावर वेग धरून ठेवायचा प्रयत्न करा. इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी तिथेच, असं होतंय का? आणि डॅशबोर्डवरची डीची खूण लुकलुकते का, तेही पाहा. होंडामध्ये ती लुकलुकली म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरने चूक नोंदवलीय. मग ऑईलच्या आधी स्कॅनर.

त्यानंतर डिपस्टिक. इथे बरेच जण चुकतात, कारण काही कंपन्यांच्या गाड्यांत हे ऑईल इंजिन चालू ठेवून बघतात आणि होंडात इंजिन बंद करून. गाडी पूर्ण गरम झालेली, म्हणजे रेडिएटरचा पंखा लागून गेलेला, सपाट जागा, इंजिन बंद, आणि बंद केल्यापासून साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत मोजायचं. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला, काढा, आणि टोकाचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर पडू द्या. पाच मिनिटं तो कागद बाजूला ठेवा. नवीन ऑईल लालसर, पसरून पारदर्शक डाग पडतो. तुमच्यासारख्या गाडीत बहुधा विटकरी ते तपकिरी रंग दिसेल. एवढ्यावर घाबरायचं नाही, रंग लवकर बदलतो. बघायचं ते हे: डागाच्या मधोमध काळा, रवाळ गाळ राहिला का? बोटांत चोळल्यावर काही टोचतंय का? आणि नाकाजवळ नेल्यावर क्लच जळाल्यासारखा वास येतो का? तो वास ज्याने घाटात एकदा घेतलाय त्याला पुन्हा ओळखायला सांगावं लागत नाही.

गिअर वेळेवर पडतायत, काटा उसळत नाही, वास नाही: डोळे झाकून बदला. रंग कितीही तपकिरी असो.

गिअर ठीक आहेत पण ऑईल गडद आणि थोडा वास आहे, तरीही बदला. पण पहिल्या टप्प्यानंतर हजारेक किलोमीटर थांबा आणि गाडी कशी वागते ते बघून पुढचा टप्पा करा.

घसरतेय, जळका वास आहे, काळा गाळ आहे: मग ऑईल बदलून फार तर पैसे जातील, गिअरबॉक्स परत येणार नाही. अशा वेळी आधी ऑटोमॅटिकचं काम करणाऱ्याकडून स्कॅनिंग आणि ऑईलचा दाब तपासून घ्या. कधीकधी दोष क्लचचा नसतो, एखादा सोलेनॉइड किंवा प्रेशर स्विच असतो आणि काम थोडक्यात निपटतं. पण क्लच गेला असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल. तेव्हा हिशेब ऑईलचा नाही, गाडी ठेवायची की काढायची याचा आहे. आणि एक सांगतो, अशी गाडी ताजं ऑईल घालून "नुकतीच सर्व्हिस केलीय" म्हणत विकणारे महाभाग आहेत. सेकंडहँड घेताना डिपस्टिकवर एकदम लालभडक ऑईल दिसलं तर खूश होण्याआधी बिल मागा.

यातला एक प्रकार मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा. ऑईल गुलाबी, दुधाळ, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं, तर त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आत असतो, तो फुटला की असं होतं. दुसरं कारण आपल्या गावचं: पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीने पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला डोक्यापर्यंत बुडवलं, तेव्हा नदीकाठी उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक छोटा ब्रीदर असतो, गाडी बुडाली की तिथून पाणी आत शिरतं. तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून हे सांगतोय. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या, कार्पेटखाली सुकलेला चिखल असं काही दिसलं तर डिपस्टिक दोनदा बघा. पाण्याने अस्तर चकत्यांना चिकटवणारा गोंद सुटतो, त्यामुळे इथे हळूहळू, टप्प्याटप्प्याने असं काही नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. पाण्याची वाट बंद करायची आणि सगळं ऑईल काढायचं.

तुमच्याकडे तसं काही नसेल असं धरून कामाचं सांगतो. गाडी गरम करून रॅम्पवर घ्या. ड्रेन बोल्टच्या डोक्यात चौकोनी खाच असते, तीन-अष्टमांश इंची रॅचेट त्यात थेट बसतो, वेगळा सॉकेट लागत नाही. हे माहीत नसलेला फिटर बाहेरून पाईप पाना लावून तो बोल्ट गोल करून ठेवतो. तेव्हा बोल्टला पाना लागेपर्यंत तिथून हलू नका. निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात घ्या, ट्रेमध्ये ओतून मोकळं व्हायचं नाही. साधारण अडीच लिटर निघेल. जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं आणि मग डिपस्टिकवर खात्री करायची. जास्त झालं तरी फेस होतो, कमी पडलं तरी पंप हवा ओढतो.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतो. हा चुंबक म्हणजे गिअरबॉक्सचा रक्ताचा रिपोर्ट समजा, पण वाचता आला पाहिजे. त्यावर करड्या रंगाचा मऊ, लोण्यासारखा लेप असणारच, लाख किलोमीटरनंतर चांगला जाडसुद्धा असेल. तो पुसून टाका, काळजी नाही. कागदावर पसरल्यावर चकाकणारे कण, सुईसारखी टोकं किंवा नखात धरता येईल असा धातूचा तुकडा मिळाला तर मात्र पुढचे टप्पे थांबवा. पितळी रंगाचे कण चुंबकाला चिकटत नाहीत, ते भांड्याच्या तळाशी शोधावे लागतात, म्हणून ऑईल शेवटी सावकाश ओतून तळ बघा. बोल्टखालचा वॉशर नवीन घाला. तो चिरडूनच सील होतो, जुना पुन्हा वापरला की महिन्याभरात पार्किंगमध्ये थेंब.

अडीच लिटर निघालं म्हणजे सगळं निघालं असं नाही. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकलेलं असतं. गिअरबॉक्समध्ये एकूण सहाच्या आसपास लिटर धरलं, तर एकदा बदलून जेमतेम ४२ टक्के ऑईल नवीन होतं, दोनदा केलं की ६६, तिसऱ्यांदा ८० च्या आसपास. चौथ्यांदा करण्यात पैशाच्या मानाने हशील नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिला टप्पा आता, दुसरा हजार-दीड हजार किलोमीटरनंतर, तिसरा पुढच्या इंजिन सर्व्हिसच्या वेळी केला असता. एकाच दिवशी तिन्ही करण्यात गैर काही नाही. अंतर ठेवायला मी सांगतो ते नोंद नसलेल्या गाडीसाठी. दर वेळी निघणारं ऑईल आणि चुंबक बघायला मिळतो आणि काही बिनसलं तर कशामुळे ते कळतं. या होंडाच्या गिअरबॉक्सला खाली चेंबर, म्हणजे खोलून काढता येईल असा ऑईलचा ट्रे, नाही आणि आतली जाळी गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे "फिल्टरही बदलला" असं बिल कोणी दिलं तर तो फिल्टर दाखवायला सांगा.

मशीनबद्दल दोन शब्द. मशीन म्हणजे वाईटच असं नाही. कूलरची नळी काढून गाडीच्याच पंपाने जुनं ऑईल बाहेर आणि तेवढंच नवीन आत, अशी जी मशीन करते ती ठीक आहे, गाडीची नोंद व्यवस्थित असेल तर मीही वापरतो. पण त्याआधी साफ करणारं रसायन ओतून, दाब देऊन आतला वर्षानुवर्षांचा थर सोडवायचा प्रकार जुन्या, नोंद नसलेल्या गाडीवर मी होऊ देणार नाही. सुटलेला थर बाहेरच येतो असं कोणी सांगितलंय? तो व्हॉल्व्ह बॉडीत अडकला की तुमच्या मिस्तरीची भीती खरी ठरते.

ऑईल कोणतं, यात काटकसर नको. या सिटीच्या वेळी होंडाचं झेड-वन होतं, त्याच्या जागी आता डीडब्ल्यू-वन आलंय आणि ते जुन्या झेड-वनच्या गाड्यांत चालतं. सीलबंद घ्या. गॅरेजच्या फळीवरचं "लाल ऑईल", जे पॉवर स्टिअरिंगमध्येही जातं आणि कोणत्याही ऑटोमॅटिकमध्येही, ते घालू देऊ नका. त्यावर बहुधा डेक्सरॉन-थ्री लिहिलेलं असतं. जनरल मोटर्सने त्या नावाचे परवाने देणं २००६ मध्येच थांबवलंय, तेव्हा आज ते नाव म्हणजे बाटली भरणाऱ्याचा स्वतःचा दावा. आणि लाल रंग हा फक्त रंग आहे. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-थ्री, तुमचं डीडब्ल्यू-वन, सगळी लालच, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. पुढच्या पिढीची, २०१४ पासूनची सिटी ऑटोमॅटिक सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पुल्या आणि पट्ट्यावर चालणारी, तिचं ऑईल वेगळं. दुकानदाराला नुसतं "सिटी ऑटोमॅटिक" न सांगता साल सांगा.

एकदा हे चक्र पूर्ण झालं की पुढे तुमच्या वापराला दर ४०,००० किलोमीटरला एकदा अडीच लिटर बदललं तरी पुरे. तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून ठेवा, गाडी विकताना कामाला येईल.

राहिली भावाची सेलेरिओ. तिला क्लचचं पेडल नाही म्हणून लोक तिला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी कोरडी क्लच प्लेटच आहे. पेडल दाबायचं आणि गिअर टाकायचं काम वर बसवलेलं हायड्रॉलिक यंत्र करतं. टॉर्क कन्व्हर्टर नाही, ऑईलात भिजलेल्या चकत्या नाहीत. त्यामुळे वरचं काहीच तिला लागू होत नाही. तिच्या गिअरबॉक्सला मॅन्युअलचं गिअर ऑईल लागतं आणि त्या यंत्राच्या छोट्या टाकीत वेगळं ऑईल असतं, त्याची पातळी सर्व्हिसला बघायला सांगायची. ती गाडी ट्रॅफिकमध्ये झटके मारत असेल तर ऑईलच्या मागे न लागता आधी क्लच प्लेट किती उरलीय ते बघून घ्या.